नाव पुकारलं तरी ओ देऊ नये

पाव्हणे, आमच्या सोनखाडीच्या चर्चचं हे समुद्राकडचं दार बघा. चौकट आहे, फळ्या नाहीत. ते कधी बंद होत नाही. का, ते सांगतो. खुरसाची आण, अक्षर न् अक्षर खरं. म्हणजे, मला सांगितलं माझ्या आत्याने, आणि आत्या दर वर्षी वेगळं सांगायची.

फिरंगी राजाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. मृतांच्या सणाला या दारातून बुडालेल्यांची नावं पुकारायची चाल होती. राजाने म्हणे धर्म सुधारायला घेतला. फर्मान आलं: नावं पुकारणं ही अडाण्यांची भुताटकी, साऱ्या मेलेल्यांना मिळून एकच प्रार्थना पुरे, आणि ते दार चिरे लावून बुजवा.

सांतानबायचा नवरा बस्त्याव त्याच साली बुडाला होता. प्रेत मिळालं नव्हतं.

"पुरायला काही नाही, पुकारायला नाव तेवढं आहे," ती म्हणाली. "तेही राजाला द्यायचं?"

ती दारात बसली. मग गावच्या बाया बसल्या. पाच गावचे कोळी वल्ही घेऊन आले. गवंड्यांचे चिरे खाडीत गेले. पाद्रीबाबांना नेमका तेव्हाच ताप आला.

सणाच्या दिवशी, भर दुपारी, एक कप्तान शिपाई घेऊन आला. फिरंगीच, पण इथे वाढलेला, आपली बोली बोलणारा.

"ऊठ बाय, नाहीतर तुझ्यासकट भिंत बांधीन."

"बांध की. नाव काय रे तुझं?"

"दुआर्त. जा, राजाला कळव."

"राजाला कशाला?" म्हणत ती उठली आणि समुद्राकडे तोंड करून नावं पुकारू लागली.

असं सांगतात, वारा पडला. ओहोटी होती, पाणी पार लांब. "बस्त्याव!" आणि त्या रिकाम्या चिखलातून, अगदी जवळून, ओल्या गळ्याने कोणी म्हणालं, "ओ." पुढचं नाव. पुन्हा "ओ." शिपाई मागे सरकले. त्याच सुरात शेवटचं नाव आलं: "दुआर्त!"

शिपाईगड्याला हजेरीची सवय. तोंडातून निघून गेलं, "ओ!"

मग त्याने तलवार खाली ठेवली आणि बुटांसकट चिखलात चालू लागला. शिपाई हाका मारत राहिले. त्याने वळून पाहिलं नाही. पाणीच पुढे येऊन त्याला घेऊन गेलं म्हणे. दार बुजवायला पुन्हा कोणी आलं नाही.

आजही नावं पुकारताना आम्ही सगळे तोंडावर हात धरतो. गावात एखादा बस्त्याव जिवंतही असतो ना!

आता कबूल करतो. कप्तान पाण्यात गेला, हे माझं. तो पळाला, आणि म्हातारा होऊन अंथरुणात मेला. चिरेही थोडेच होते. पण चिखलातली ती ओ मी रचलेली नाही. गेल्या साली माझ्या भावाचं नाव मीच पुकारलं होतं.