त्रेम्बिता आजी आणि ओले मोजे

डोंगरावरच्या मेंढ्यांनी अजून कीबोर्ड पाहिला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. युक्रेनमधल्या एका मेंढपाळाच्या घरी त्रेम्बिता नावाची लाकडी तुतारी राहत होती. ती दोन माणसांइतकी लांब होती आणि तिच्या हाकेवर कळप घरी परतायचे. पुढे मेंढपाळ थकला. भिंतीवर आडव्या टांगलेल्या त्रेम्बितेवर घरातले लोक ओले मोजे वाळत घालू लागले.

एकदा मेंढपाळाची नात यारिना शहरातून कीबोर्ड घेऊन आली. "त्रेम्बिता आजी, जत्रेत तुम्ही दोघांनी मिळून वाजायचं," ती म्हणाली. "नाही जमलं, तर तू पुन्हा मोज्यांखाली." एवढं सांगून ती मेंढ्यांकडे गेली.

त्रेम्बिता फणकारली, "याच्याबरोबर वाजू? हा विजेवर गातो! वायर काढली की मुका! आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं."

कीबोर्ड बिचारा ओशाळला. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "आजी, तुमचा आवाज इतका खणखणीत कसा हो?"

आजी लगेच खुलली. "अरे, मी साध्यासुध्या झाडाची नाही. वीज पडलेल्या झाडाची आहे! वीज अंगात उतरल्याशिवाय असा सूर..."

ती एकदम थांबली. तिच्यावरचा एक मोजा टपकन खाली पडला.

"म्हणजे आजी, तुम्हीसुद्धा..."

"पुरे! सूर लाव."

जत्रेत दोघं अशी वाजली, की सगळ्या मेंढ्या थेट मंचावर चढल्या. तेवढ्यात आभाळात वीज कडाडली आणि कीबोर्ड दचकला.

"घाबरतोस काय वेड्या," त्रेम्बिता म्हणाली, "आपल्या घरचीच आहे ती."