सरळ रेघेचा नाच

कड्याच्या कपारीतल्या त्या राज्यात वाट सांगायला शब्द नव्हते. तिथल्या मधमाश्यांना बोलता येई, भांडता येई, एकमेकींची उणीदुणी तर अगदी मन लावून काढता येत. पण फुलं कुठं उमलली आहेत, ही एक गोष्ट मात्र नाचूनच सांगावी लागे. फुलं सापडलेली माशी पोळ्यात परते, मेणाच्या पडद्यावर कंबर हलवत सरळ रेघेत चालत जाई, वळून माघारी येई आणि पुन्हा तीच रेघ धरी. रेघ जिकडे, वाट तिकडे. कंबर जितका वेळ हाले, तितकं अंतर लांब. भोवती बसलेल्यांना उमज पडला की त्या ताडकन उठत आणि भुर्रकन निघून जात. नाच दिसायला काही फार देखणा नव्हता, हे कबूल करायला हवं. पण त्या नाचावर पिढ्यान्‌पिढ्या पोळं पोसलं गेलं, आणि तो शिकवायला पोळ्याच्या मधोमध एक नाचशाळा होती.

त्या शाळेत गुंजाबाई शिकवत असे. अंगानं किडकिडीत, जिभेनं तिखट. पोरींची कंबर चुकली की ती पायानं ढोसून सांगे, "अगं भवाने, तू नाचतेयस की खाजवतेयस? रेघ धर, रेघ! तुझ्या या वेड्यावाकड्या नाचापायी कुणीतरी उद्या नदीत जाऊन पडेल." पोरी तिला घाबरत आणि तिच्यावाचून त्यांचं पानही हलत नसे. खरं सांगायचं तर अशी मास्तरीण मिळायला भाग्य लागतं, आणि त्या पोळ्याचं भाग्य बरेच दिवस शाबूत होतं.

शाळेचा कारभार मात्र नरांच्या मंडळाकडे होता. नरांना रानात जावं लागत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे वेळ भरपूर. आणि ज्याच्याकडे वेळ भरपूर, त्याच्याकडे मंडळं आपोआप चालत येतात. राणीसाहेब अंडी घालण्यात गुंतलेल्या, त्यांनी इकडे कधी पाहिलं नाही. मंडळाचे अध्यक्ष होते गोमाजीराव. देह गोल, आवाज भारदस्त, आणि जन्मात एकही फूल जवळून पाहिलेलं नाही. शेजारच्या कड्यावरून आलेल्या पाहुण्यांनी एकदा नाच पाहून नाक मुरडलं, ते गोमाजीरावांना फार लागलं. "आपल्या शाळेला काही दर्जा म्हणून हवा," ते म्हणाले, आणि शाळेचा प्रमुख म्हणून त्यांनी चित्रांगदाला बोलावून आणलं.

चित्रांगद हे फुलपाखरू होतं. तो आला तेव्हा सगळं पोळं माना उंचावून बघत राहिलं. काय ते पंख, काय तो डौल! तो स्वभावानंही गोड होता, कुणाला वाकडा शब्द बोलला नाही. त्यानं शाळेत नवा नाच आणला. त्यात गिरक्या होत्या, झुलणं होतं, अर्ध्यात थांबून मागं वळून बघणं होतं. नव्हती ती फक्त रेघ. पहिल्या दिवशी गुंजाबाईसुद्धा म्हणाली, "डोळे निवले बाई!" आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं मंडळापुढं जाऊन विचारलं, "नाच सुरेख आहे. पण हा नेतो कुठं?"

"कला कुठं नेत नसते, बाई," गोमाजीराव म्हणाले. "कला उंचावते."

त्याच बैठकीत दोन ठराव झाले. नाच चालू असताना प्रेक्षकांनी उठून जाणं हा कलावंताचा अपमान समजला जाईल, सबब शेवटपर्यंत कुणीही जागचं हलायचं नाही, हा एक. आणि गुंजाबाईंचं वय पाहता त्यांनी यापुढे मंचावर येऊ नये, रिकाम्या घरांची झाडलोट करावी, हा दुसरा. गुंजाबाईनं दोन्ही ऐकून घेतले. "झाडीन की," ती म्हणाली, "कचरा काही थोडाथोडका नाही इथं."

मग व्हायचं तेच झालं. पोरी झोकात नाचू लागल्या, जुन्याजाणत्यांनीही मंडळाच्या धाकानं रेघ सोडली, आणि पोळं उपाशी राहू लागलं. नाच बघून बाहेर पडलेल्या माश्या कड्याभोवतीच घिरट्या घालून रिकाम्या परतत. काही परतल्याच नाहीत. त्यात पावसाळा लांबला आणि साठवणीची घरं तळाला गेली. जो तो कुरकुरू लागला. "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं," असं चित्रांगदाला उद्देशून दबक्या आवाजात म्हणायचं, आणि गोमाजीराव समोर आले की "वा, काय नाच बसवलाय!" असंही म्हणायचं. संताप होता, फार होता. पण मंडळासमोर तो कुणी बाहेर काढत नसे. गोमाजीरावांच्या वाट्याचा मध तेवढा कमी झाला नव्हता.

अशात टिपरी नावाच्या एका तरण्या माशीला कारवी सापडली. कारवी हे झुडूप वर्षानुवर्षं गप्प राहतं आणि मग एकदाच असं फुलतं की डोंगरच्या डोंगर जांभळा होतो. पोळ्याचं अख्खं वर्ष निभावेल एवढं धन पलीकडच्या पठारावर वाऱ्यावर डोलत होतं. टिपरी धापा टाकत परतली, पडद्यावर चढली, आणि नाचायला लागल्यावर तिच्या पायांतून निघाल्या त्या गिरक्याच. दुसरं काही तिला कुणी शिकवलंच नव्हतं. माश्या तिच्याभोवती दाटल्या. "अगं कुठं? कुठं म्हणून सांग ना!" टिपरीला सगळं ठाऊक होतं आणि काहीच सांगता येत नव्हतं. शेवटी काहीजणी तिच्या मागं उडत निघाल्या, पण पहिल्याच खिंडीत धुक्यानं गाठलं, पुढची मागचीला दिसेना. त्यांतल्या दोघी परत आल्या नाहीत.

टिपरी एका रिकाम्या घरात तोंड खुपसून रडत बसली. तिथं गुंजाबाई झाडत होती.

"बाई, मीच मारलं त्यांना."

"तू नाही मारलंस," गुंजाबाई म्हणाली. "ऊठ आधी. किती लांब आहे?"

"फार लांब. आणि बाई, तुमचे पंख..."

गुंजाबाईच्या पंखांच्या कडा झिजून फाटल्या होत्या. माशीला पंख एकदाच मिळतात, आणि एवढं अंतर एकदा कापल्यावर ते पुन्हा उचलतील याची आशा नव्हती. हे तिला टिपरीपेक्षा चांगलं कळत होतं. "पंख झाडलोट करायला दिलेत होय मला?" ती म्हणाली. "अख्खं पोळं काही तुझ्या शेपटीला बांधून नेता येत नाही. पण मी एकटी तुला धरून येईन. मला नुसतं दाखव. सांगायचं माझ्याकडे लागलं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या दोघी निघाल्या. म्हातारीनं खिंडीतला वारा अंगावर घेतला, दोनदा पाषाणावर आदळली, दोनदा स्वतःलाच शिव्या घालून उठली. शेवटी पठार दिसलं. जांभळ्या फुलांवरून तिनं एक फेरी मारली, थोडा पराग पायाला लावून घेतला आणि माघारी वळली. परतीच्या वाटेवर तिच्या उजव्या पंखाचा तुकडा वाऱ्याबरोबर गेला. ती थांबली नाही. खरंच सांगतो, अशी जिद्द फार थोड्यांच्या वाट्याला येते.

पोळ्यात पोचली तर वार्षिक महोत्सव सुरू. सगळ्यांना सक्तीनं बसवलेलं, पोटं पाठीला लागलेली, पहिल्या रांगेत मंडळ. चित्रांगदाच्या विद्यार्थिनी मंचावरून उतरत होत्या. गुंजाबाई पाय ओढत वर चढली.

"कुणाच्या परवानगीनं?" गोमाजीराव कडाडले.

"भुकेच्या," गुंजाबाई म्हणाली, आणि तिनं रेघ धरली.

कंबर हलवत ती सरळ चालत गेली. वळली. आली. पुन्हा गेली. फाटका पंख मेणाला घासून खरखर वाजत होता. पायाचा पराग खाली सांडत होता, त्याचा वास मागच्या रांगांपर्यंत गेला. रेघ लांब होती, इतकी लांब की बऱ्याच तरुण माश्यांनी तेवढी कधी पाहिलीच नव्हती; पण अंगातलं जुनं काहीतरी जागं झालं आणि समजायला लागलं. एक म्हातारी माशी उठली. "बसा!" गोमाजीराव ओरडले. ती निघून गेली. मग दुसरी उठली, मग आठवण जागी झालेली सगळी रांगच उठली. चित्रांगदाच्या विद्यार्थिनी क्षणभर गोंधळल्या, टिपरीनं त्यांना ढोसलं, आणि त्याही गेल्या. कपारीच्या तोंडातून निघालेली ती गुणगुण खिंडीच्या दिशेनं लांब लांब जात राहिली.

गुंजाबाई नाचत होती. आता पाय जेमतेम उचलत होते, पण ती रेघ वाकडी होऊ देत नव्हती.

गोमाजीराव उभे राहिले. त्यांनी मागं वळून पाहिलं, आणि संतापानं त्यांचा आवाज चिरकला. "बाई, डोळे उघडून बघा! असा पडलेला नाच या शाळेनं आजवर पाहिला नव्हता. शेवटपर्यंत एकही प्रेक्षक थांबला नाही!"

गुंजाबाईनं पाऊल थांबवलं. "एकही नाही?"

"एकही नाही!"

"दारावरच्या राखणदारणी?"

"त्यासुद्धा गेल्या!"

"मग ठीक आहे," गुंजाबाई म्हणाली, आणि फाटके पंख मिटून सकाळपासून पहिल्यांदाच खाली बसली.