एकोणी जखीण

एकदा काय झालं... पण आधी पाय पांघरुणात घ्या बघू. ए ठमे, चुळबूळ पुरे. गोष्ट भीतीची आहे, मध्येच भोकाड पसरलंस तर मी उठून जाईन.

तर एक होतं गाव. ओढ्याच्या अल्याड गाव, पल्याड शाळा आणि वर डोंगर. डोंगरावर राहायची एक जखीण. तिचं नाव एकोणी. शाळेत पोरं होती तीस. संध्याकाळी मास्तर पोरं मोजायचे आणि ओढ्यापलीकडून ओरडायचे, "तीस सोडली हो!" अल्याड पाटील ऐकायचा आणि मान डोलवायचा. पाटलाला आकड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मिशी केवढी!

मग एके दिवशी मास्तर ओरडले, "एकोणतीस सोडली हो!" पाटील म्हणाला, "एकोणतीस? म्हणजे एक आणि तीस! अरे, पोर वाढलं गावात!" मग काय, साखर वाटली मेल्यानं. आणि खरं काय झालं होतं? एकोणीनं एक पोरगी उचलली होती. तिची खोड अशी, बरं का, पोर नेलं की त्याची आठवणही न्यायची. आईच्या मनातून, मास्तरांच्या मनातून, सगळी पुसून. मग रडणार कोण? शोधणार कोण?

मग नवं पोर शाळेत आलं, पुन्हा तीस झाली. एकोणीनं पुन्हा एक नेलं. पुन्हा एकोणतीस, पुन्हा साखर. शिव शिव!

मग पुन्हा तीस भरली, आणि आता पाळी आली हौसाच्या घराची. हौसाला एक मुलगी, येसू, आणि तिच्या पाठचा मुलगा. नवरा कधीच वारला होता. त्या संध्याकाळी गावात पुन्हा साखर वाटली. घरी हौसानं तीन ताटं मांडली. तिसऱ्यात भाकरी वाढली आणि तिचा हात थांबला.

"येसू, हे कुणाचं गं ताट?"

"काय की, आई."

हौसाला हुंदका आला. का आला ते तिचं तिलाच कळेना.

येसू गणितात कच्ची. आकडा ऐकला की गोंधळायची, म्हणून हौसा तिला घरी चिंचोक्यांवर शिकवायची. शाळेतल्या एकेका पोराचा एकेक, असे तीस चिंचोके तिनं मोजून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी येसूनं ते शाळेत नेले आणि प्रत्येकाच्या हातावर एक ठेवला. स्वतःचाही घेतला. तरी एक उरला. पोरगी धावत घरी आली. "आई, एकोणतीस म्हणजे एक जास्त नाही गं! एक कमी! आपलं कुणीतरी गेलंय!"

पाटलाकडं गेल्या तर तो म्हणतो, "साखर खा आणि गप बस." मग हौसानं पदर खोचला. "एकोणतिसात ती एकोणीच बसलीय," ती म्हणाली. "चल डोंगरावर."

गुहेच्या तोंडाशी एकोणी बसली होती. केस जमिनीवर लोळताहेत, नखं ही अशी! म्हणाली, "पोर पाहिजे? मग या कार्टीनं शंभरपर्यंत मोजायचं. जिथं माझं नाव येईल तिथं मी एक पाऊल पुढं येणार. अडखळली तर माझी. माझा हात पोचला तरी माझी."

येसू मोजायला लागली. एकोणीस म्हणाली, जखीण एक पाऊल पुढं. एकोणतीस, आणखी एक. एकोणचाळीस, एकोणपन्नास... हौसाला मध्ये बोलायची सोय नव्हती. एकोणनव्वदला तर त्या मेलीची नखं येसूच्या गालापासून वीतभर राहिली. आता एकच पाऊल उरलं होतं.

अठ्ठ्याण्णव झाले. एकोणीनं जबडा उघडला. तिला वाटलं, आता पोरगी म्हणणार, एकोणशंभर. येसूच्याही ओठांवर तेच आलं होतं, बरं का. तेच म्हणून तिनं शाळेत छड्या खाल्ल्या होत्या. पण घरी हौसानं कधी हात उगारला नव्हता. दळता दळता शंभरदा म्हणायची, "एकोणशंभर नाही गं बाई माझे." येसूनं डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, "नव्व्याण्णव! शंभर!"

नव्व्याण्णवात कुठं आलंय तिचं नाव? जखिणीनं उचललेलं पाऊल तसंच वर राहिलं आणि तिचा दगड झाला.

हौसा गुहेत धावली. कोपऱ्यात एक मुलगा बसला होता. शेजारी दोन पाट्या पडल्या होत्या. पाट्यांची पोरं नव्हती. ती एकोणीनं केव्हाच खाल्ली होती. हौसानं मुलाला उचललं. "बाळा, नाव काय रे तुझं?" त्याला सांगता येईना. आणि तिलाही आठवेना. "असू दे," ती म्हणाली, "आहेस ना!" आणि त्याला उराशी धरून ओक्साबोक्शी रडली.

त्या पाट्या घेऊन ती गावात आली. "बायांनो, कुणाच्या या?" कुणाला ओळख पटेना. एकजण म्हणाली, "चांगली आहे की पाटी. आमच्या धाकट्याला होईल." हौसानं पाटी पदराखाली घेतली.

मग येसूच बोलली. "तुम्ही तीनदा साखर खाल्लीत. तीनदा एक पोर कमी झालं होतं. आमचं एकच परत आलं."

गेलेली पोरं आपली की शेजारणीची, कुणालाच ठाऊक नव्हतं. मग गावातली एकूण एक आई रडली, आपलंच गेलं असं समजून.

मास्तरांनी छडी मोडून टाकली. पाटील मिशीसकट पोरांच्या रांगेत जाऊन बसला, अंकओळख शिकायला. आणि जेवढी माणसं उरली होती, तेवढी सुखानं नांदली.

झाली गोष्ट. ठमे, मुसमुसू नकोस, ये जवळ. मिटा डोळे. सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवते आणि मगच दिवा मालवते.