मिशा दिसल्या की राख

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा हे सगळं सुरू झालं. तळ्याकाठच्या एका गावात लिंबाजी नावाचा एक भोळा भोई होता. त्या दुपारी त्याच्या बहिणीला, मैनाला, बघायला पाहुणे यायचे होते. आधीची दोन स्थळं जमता जमता मोडलेली. त्यात पाहुण्यांची रीत अशी की, मासा आधी जिवंत बघायचा, मगच पानावर बसायचं. आईनं लिंबाजीला बजावलं, मासा जिवंत आण.

लिंबाजीनं जाळं टाकलं. रोहू लागला. टोपलीत घालून रमतगमत आला. रोहू मेला. आईनं समजावलं, बाबा, मासा पाण्याबाहेर जगत नाही, घमेल्यात पाणी घेऊन त्यात आणावा.

बरं, म्हणाला.

मग मरळ लागली. ती घमेल्यात सोडली. मरळीनं उडी मारली नि ओल्या गवतातून सरपटत तळं गाठलं. आईनं कपाळाला हात लावला. मरळ वरची हवा घेते, पाण्याबाहेर तग धरते, तिला ओल्या पोत्यात बांधून आणावी.

बरं, म्हणाला.

मग कटला लागला. तो पोत्यात बांधला. कटलाही मेला. आई आता रडकुंडीलाच आली. कटल्याला पाणी हवं रे, पाणी.

शेवटी शिंगाळा लागला, तो तेवढा पाण्यातून जिवंत आला. आईला हायसं वाटलं. बघते तर लिंबाजी विळी घेऊन त्याचे खवले शोधतोय, आणि बोटात काटा घुसलेला.

"लिंब्या, मिशावाल्याला खवले नसतात," आई म्हणाली. "पाहुणे आले की कल्ल्यामागं घट्ट धरायचं, नाहीतर काटा मारतो. मग राखेनं चोळायचं. बुळबुळ जाते."

बरं, म्हणाला.

आई चुलीकडं वळली. तेवढ्यात मुलाचे वडील आले. उन्हातून सायकलवर आलेले, घामानं निथळत होते. मिशा कानापर्यंत.

आरडाओरडा ऐकून आई धावत बाहेर आली. लिंबाजीनं त्यांची मान मागून पकडली होती नि दुसऱ्या हातानं राख चोळत होता.

"आई, खवला एकही नाही," तो म्हणाला. "मिशा शिंगाळ्याच्या आहेत, पण पाण्याबाहेर मरळीसारखा जगतोय. याला शिंगाळा म्हणू का मरळ?"

मैना अजून लग्नाची आहे. पोरगी गुणाची आहे. तुमच्या माहितीत कुणी चांगला मुलगा असेल तर त्याच्या घरी कळवा. फक्त वडिलांना सांगा, मिशा काढून या.