चिठ्ठ्यांनाही जुळलेली कडी

एकदा एक तरुण डॉक्टर आपल्या वृद्ध गुरूंकडे धावतच आला. कर्करुग्णांच्या रक्तात तो कित्येक महिने वर्तुळाकार आरएनए शोधत होता. पेशीतले बहुतेक आरएनए म्हणजे टोकं असलेले धागे. टोकाकडून ते लवकर झिजतात. काहींची टोकं मात्र जुळून कडी बनते आणि ती रक्तात पुष्कळ टिकते. अशीच एक कडी त्याला गवसली होती. ज्यांच्या रक्तात ती भरपूर, ते जगले. ज्यांच्यात कमी, ते दगावले.

"सर, रुग्णाचं पुढं काय होणार, ते आता आधीच सांगता येईल!"

शाबासकी राहिली बाजूला. गुरूंनी त्याच रुग्णांची नावं चिठ्ठ्यांवर लिहिली आणि भिशीत काढतात तशी एकेक काढून, खरा निकाल न बघताच, मनाला येईल ते सांगू लागले. "हा जगला. ही गेली. हाही गेला. आता हेच खरं धर आणि पुन्हा कडी शोध."

शिष्याचं डोकंच फिरलं. काय हा पोरखेळ! तिकडे वॉर्डात यमुनाबाई फणसे केमोने जेरीस आलेल्या. त्यांच्या रक्तात कडी भरपूर पाहून त्याने सकाळीच सांगून टाकलं होतं, 'उरलेली केमो नाही घेतली तरी चालेल.' आणि इकडे सर चिठ्ठ्या काढत बसलेत! चरफडतच तो कामाला लागला.

आणि अहो, कडी सापडली की! निराळी, पण तितकीच चोख जुळणारी.

"चिठ्ठ्यांना कर्करोग कसा कळला रे?" गुरू कडाडले. "हजारो कड्या चाळायच्या, भरपूर कशाला म्हणायचं आणि कमी कशाला, तेही निकाल बघून ठरवायचं! मग कुठल्याही नशिबाला एखादी कडी जुळणारच. तुझी पहिली कडी खरीही असेल. पण आधी भरपूर आणि कमी यांतली तिची मर्यादा पक्की कर, मग तू कधी न पाहिलेल्या रुग्णांवर ती पारखून बघ. तोवर तोंड बंद ठेव. किती वेळा सांगायचं, देवा!"

शिष्याला यमुनाबाई आठवल्या. तो वॉर्डाकडे पळत सुटला. यमुनाबाई पिशवी भरून तयार बसल्या होत्या.

"बाई, मी घाईनं बोललो. मला खात्री नाही. केमो सोडू नका."

"मग सकाळी कशाला बोललात?" यमुनाबाईंना रडूच कोसळलं. "लेकीला फोन केला मी, सुटले म्हणून! आता तिला काय सांगू?"

"मी सांगतो," म्हणत त्याने हात पुढे केला.

यमुनाबाईंनी नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, "आई, निघालीस ना? वरण टाकलंय बघ तुझ्यासाठी!"

गुरूंना एवढा संताप का आला, ते त्याला तेव्हा कळलं.