सातभाईंची आठवी

फार जुन्या काळची ही गोष्ट. एका माळावर, बोरीच्या जाळीत, सातभाई पाखरांची शाळा भरत असे. म्हातारे पंतोजी पहिल्याच दिवशी एक रीत शिकवत. सगळे किडे टिपतात तेव्हा एकाने शेंड्यावर पहाऱ्याला बसायचं. त्याने हाक दिली की प्रत्येकाने ओ द्यायची आणि काट्यांत शिरायचं.

शाळेत पोरं सातच होती. वणव्यात घरटं जळालेली एक पोर तिथे आली, तेव्हा थोरला म्हणाला, "आम्ही सातभाई. सात म्हणजे सात. तू कोण गं, आठवी?"

सगळी खिदळली. तेच तिचं नाव पडलं. मग चोची सुरू झाल्या. तिच्या मानेवरची पिसं गेली.

तिने पंतोजींना सांगितलं. पंख साफ करता करता ते म्हणाले, "चिडवतात म्हणजे आपलंच मानतात गं. पोरखेळ तो. सोसावं थोडं."

चहाडी केली म्हणून थोरला भडकला. त्याने रोजचा पहारा आठवीच्याच गळ्यात घातला आणि बाकीच्यांना बजावलं, "हिच्या हाकेला जो ओ देईल, तो उद्यापासून नववा."

सातांतल्या धाकटीला आठवी आवडायची. पण तिलाही आपल्या मानेवरची पिसं प्यारी होती.

एका सकाळी आठवीला माळावरून सरकत येणारी सावली दिसली. पाखरं उचलणारा शिक्रा! ओरडावं तर पुन्हा चोची. तरी तिने हाक दिली.

कुणीही ओ दिली नाही.

तिने पुन्हा हाक दिली, फाटक्या आवाजात. धाकटीने मान वर केली, चोच उघडली, थोरल्याकडे पाहिलं आणि चोच मिटली. पंतोजींनीही ऐकलं होतं. त्यांना वाटलं, चालला असेल पोरखेळ.

सावली खाली झेपावली आणि वर गेली. मागे धाकटीची चार पिसं उरली.

सांजेला सगळी अंग चोरून एका फांदीवर बसली. पंतोजींनी रोजच्यासारखी मोजणी केली. आठवीला धरून बरोबर सात भरली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

थोरल्याने सरकून आठवीला शेजारी जागा करून दिली. ती जागा धाकटीची होती.

बोध: एकाला वाळीत टाकणारे आणि त्या छळाला पोरखेळ म्हणणारे, दोघेही शिक्र्यालाच वाट करून देतात.