हाकेचं देऊळ

आमच्या घुमटदऱ्यातल्या ख्रिस्ती देवळाला घंटा नाही. कमान आहे, पण रिकामी. पाहुणे कारण विचारतात, तेव्हा देवळाची राखण करणारे म्हातारे शिमोनबाबा आधी त्यांना घोंगडीवर बसवतात. त्यांना घाई खपत नाही.

फार पूर्वी शांतवन नावाचा तरुण उपदेशक इथं आला, असं सांगतात. आवाज असा खणखणीत, की बहिऱ्यानंही मान डोलवावी. स्वतःला 'पास्टर' म्हणवून घ्यायचा आणि त्याचा तोरा भारी. चावडीवर कुणीतरी अर्थ विचारला. शब्द इंग्रजांचा, पण त्यांनीही तो जुन्या लॅटिनमधून उचललेला, मूळ अर्थ मेंढपाळ, म्हणून आपल्याकडं पाळक म्हणतात, असं त्यानं ऐटीत सांगितलं.

शेजारच्या कुंपणाशी गजाई धनगरीण पाय धरून बसली होती. एकटी विधवा, चाळीस मेंढरं हाच तिचा संसार.

"बरं झालं बाबा," ती म्हणाली. "माझा पाय मोडलाय. तीन दिस मेंढरं उपाशी हायेत. सकाळी तूच ने."

नाही म्हणावं तर शब्द खोटा पडतो. सकाळी शांतवन मेंढरं घेऊन निघाला.

टेकडीवर धुकं उतरलं, म्हणे, आणि मेंढरं त्यात विरघळून गेली. त्यानं खणखणीत आवाजात बोलावलं, स्तोत्रं गायली. धुकं नुसतं ऐकत राहिलं. गजाईला काय तोंड दाखवू, या विचारानं त्याला रडू फुटलं. त्यानं गुडघे टेकले.

"प्रभो, हा आवाज घे, पण तिची मेंढरं दे."

मग निघताना गजाईनं शिकवलेली हाक तो घालू लागला, 'हुर्र्र हाऽऽ', घसा फाटेपर्यंत. दुपार कलताना पांढऱ्या धुक्यातून एकेक काळं तोंड बाहेर आलं. एकोणचाळीस झाली, तरी तो हलला नाही. दिवस मावळता मावळता लंगडतं कोकरू आलं.

गजाईनं प्रत्येकाचे कान चाचपत चाळीस मोजली. शांतवन बोलायला गेला, तर नुसती हवा आली. तो आवाज पुन्हा कधी आला नाही.

"आता झालास पाळक," ती म्हणाली.

गजाई खंडोबाची, जन्मात या देवळाचा उंबरा ओलांडला नाही. पण शांतवनला हाक मारता येईना, म्हणून दर रविवारी दारात उभी राहून त्याच्या माणसांना तीच हाक घालायची.

आजही इथला पाळक हळू बोलतो आणि लोक घोंगड्या ओढून जवळ सरकतात. गजाईच्या भावकीतली एक बाई आजही दारातून हाक घालते. सगळे आत आले, तरी उपासना लगेच सुरू होत नाही. ती बाई टेकडीकडं बघत जरा थांबते. मागं राहिलेल्याला पोचायला वेळ नको का?